पंधरावा फर्मा

दत्तोपंत निगुडकरांनी चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात एकदाही समुद्र पाहिला नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. "पानिपत शिकवायला मी कधी पानिपतला गेलो होतो का?" असं ते उलट विचारत. शिवाजी पेठेतल्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्याच्याशी वाद घालायला कोण बसलंय? संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारली की तेवढं पाणी त्यांना पुरत असे.

आणि अशा माणसाने अकरा वर्षं खपून लिहिलं काय, तर इंग्रजांच्या आरमाराचा इतिहास. झालं होतं असं, की एका रद्दीच्या दुकानात ते जुन्या मोडी कागदांसाठी गेले आणि हाती लागली कुणा साहेबाच्या बंगल्यातून आलेली एक पत्र्याची पेटी. पेटीत इंग्रजी आरमाराच्या छापील याद्या. कुठलं जहाज, कुठल्या बंदरात, त्यावर कोण कप्तान, कोण डॉक्टर, कोण पाद्री. दत्तोपंतांना याद्या फार आवडत. त्यांनी त्या रात्रंदिवस उराशी धरल्या. एडनपासून मलाक्क्यापर्यंतचा समुद्र ज्या एका अ‍ॅडमिरलच्या हुकमतीखाली असे, त्या 'ईस्ट इंडीज स्टेशन'ला त्यांनी 'सुभा' हा आपला शब्द दिला आणि ग्रंथाचं नाव ठेवलं 'पूर्वेचा आरमारी सुभा'. पहिल्या युद्धात मद्रासवर तोफा डागणारी जर्मन एमडेन, दुसऱ्या युद्धात सिलोनवर आलेली जपानी विमानं, आफ्रिकेकडे सरकलेला आणि चव्वेचाळीस साली पुन्हा सिलोनच्याच त्रिंकोमाली बंदरात आलेला ताफा, सगळं त्यांनी शिवाजी पेठेतल्या माडीवर बसून लिहून काढलं. श्यामलाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणत, "ह्यांची बोट चहा थंड होईपर्यंत काही किनाऱ्याला लागत नाही."

ग्रंथ कुणी छापेना. पण एकाहत्तरच्या डिसेंबरात आपल्या आरमाराने कराचीपर्यंत जाऊन मारा केला आणि गावात जो तो आरमारावर बोलू लागला. एका स्थानिक दैनिकाने दत्तोपंतांकडून ग्रंथातली प्रकरणं मागून घेतली, दर रविवारी छापली. पाठोपाठ पेठेतले छापखानेवाले बाबासो ग्रंथ छापायला तयार झाले. प्रकाशनाची तारीख ठरली एप्रिलचा पहिला रविवार. दत्तोपंतांनी नवीन धोतरजोडी आणली.

घोळ झाला तो मार्चमधल्या एका रविवारच्या प्रकरणात. त्यात दत्तोपंतांनी आपली सगळी वक्तृत्वशक्ती पणाला लावली होती. 'पहिल्या महायुद्धात हायफ्लायर या क्रूझरने जर्मनांचे अवाढव्य जहाज बुडवले. त्याच नावाचे दुसरे जहाज दुसऱ्या महायुद्धात त्रिंकोमालीत होते. पण केवढी ही अधोगती! सारा ताफा लढत असता हे जहाज बंदर सोडून तसूभर हलल्याची नोंद नाही. त्यावरील शेकडो खलाशी सरकारी शिधा खात स्वस्थ बसले. थोरल्याने कमावलेले नाव धाकट्याने धुळीला मिळवले.' हे वाचून पेठेतल्या दोघातिघांनी दत्तोपंतांना रस्त्यात थांबवून शाबासकी दिली. ते दिवसभर खुशीत होते.

मंगळवारी दुपारी एक मुलगी दारात आली. बावीस-तेवीस वर्षांची, पातळाचा पदर खोचलेला, हातात वर्तमानपत्राचं कात्रण.

"मी ललिता शिंगे. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका आहे. सिद्धार्थनगरात राहते," ती म्हणाली. "हे तुम्ही लिहिलंय?"

"मीच."

"माझे वडील ह्या जहाजावर होते."

दत्तोपंतांच्या अंगावर काटा आला, पण तो चुकीच्या कारणाने. अकरा वर्षं कागदांत घालवली आणि त्या सुभ्यातला जिवंत माणूस इथं, दोन मैलांवर! त्यांनी तिला आत बसवलं आणि लगेच विचारलं, "त्यांना कप्तानाचं नाव आठवतं?"

ललिताने त्यांच्याकडे असं बघितलं, की चहा घेऊन आलेल्या श्यामलाबाईच ओशाळल्या.

"सर, त्यांनी रविवारपासून धड जेवण केलेलं नाही. एसटी डेपोच्या स्टोअरात कामाला आहेत, तिथं लोक म्हणतात, 'काय शिंगे, शिधा खाल्ला का आज?' चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत झेंडा त्यांच्या हातून लावायचं ठरलंय, नेव्हीतला माणूस म्हणून. आता जयंती मंडळाचा सेक्रेटरी गुंडू म्हणतो, दुसरा कुणीतरी बघू. भिंतीवरचा युनिफॉर्ममधला फोटो त्यांनी स्वतः उतरवून ठेवलाय. माझे वडील भित्रे नाहीत. तुम्ही या आणि त्यांना विचारा. विचारून मग लिहायचं असतं ना?"

शेवटचं वाक्य एका मास्तरला एका मास्तरणीने ऐकवलेलं होतं. दत्तोपंतांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वही-पेन्सिल घेऊन ते सिद्धार्थनगरात गेले.

धोंडीराम शिंगे पन्नाशीला टेकलेले, रुंद खांद्यांचे गृहस्थ. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेल्या चपला दाराशी एका ओळीत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्या बाजूला फोटो काढून घेतल्याचा पांढरा चौकोन. त्यांनी 'या' म्हटलं, बायकोकडे, तानूबाईंकडे, बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जरा शेजारच्या अंबूबाईकडं जाऊन या." ललिताला जायचं नव्हतं. पण गेली. धोंडीरामांनी दाराला कडी घातली.

"मास्तर, तुमच्या बुकात येवढंच बदला. ते जहाज हललं म्हून लिवा."

"हललं होतं?" दत्तोपंतांनी वही उघडली. "कधी? कुठे गेलं होतं?"

"कुटंबी लिवा. रंगूनला गेलतं म्हना."

"शिंगे, असं कसं लिहिणार? तारीख पाहिजे, पुरावा पाहिजे. तुम्ही त्यावर होता ना? मग तुम्हीच सांगा, बंदरातून बाहेर कधी पडलं?"

धोंडीरामांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. मग एकदम मोठ्याने म्हणाले, "अवो ते हलनार कसं? त्याला पाया हुता! दगडी पाया हुता, मास्तर!"

दत्तोपंतांना काही कळेना.

"ती इमारत हुती. सायबाच्या नेव्हीत तशीच रीत. किनाऱ्यावरचं ठाणं आसलं तरी त्येला जहाजाचं नाव द्येत्यात, त्याचा कप्तान असतो, हजेरीपटावर आमी जहाजावरच. फरशीला डेक म्हनायचं, मुदपाकखान्याला ग्याली. गेटातनं बाहीर गावात जायाचं तर किनाऱ्यावर उतरायची परवानगी मागायची. आनि वेळेची बोट असायची. बोट म्हंजे काय, तर साडेचारला गेटाशी रांग लावायची. पाच मिन्टं उशीर झाला तर गेट समोर उघडं दिसतंय, पन बोट चुकली! मग साडेपाचपत्तर बसा. ती बोट म्या लई येळा चुकवली."

दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या लाडक्या याद्या उभ्या राहिल्या. हायफ्लायर, कप्तान अमुक, डॉक्टर तमुक. इतर जहाजांच्याच रांगेत, त्याच टायपात. कुठेच लिहिलं नव्हतं की याला भिंती आहेत. लिहायची गरजच काय होती? ज्याने समुद्र पाहिलाय त्याला ते माहीत होतं. कोल्हापुरातल्या एका माडीवर बसून त्यांनी एका इमारतीला, ती जागची हलली नाही म्हणून, आठ पानं शिव्या घातल्या होत्या. त्यांना आधी हसू आलं आणि मग इतकी शरम वाटली की त्यांनी वही मिटून मांडीखाली घातली.

"मग हेच सांगू या की!" ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी छापून कबूल करतो. ती इमारत होती, हलण्याचा प्रश्नच नव्हता. तुमच्यावरचा डाग पुसला जाईल."

"न्हाय." धोंडीरामांनी हात जोडले. "पाया पडतो, पन ते न्हाय. माज्या ललीला ठावं न्हाय. हिलाबी न्हाय. सगळ्यास्नी वाटतं म्या जहाजावरच हुतो."

"पण का? त्यात कमीपणा काय आहे?"

"तुमास्नी न्हाई कळायचं." धोंडीरामांचा आवाज खाली आला. "आमचं गाव गारगोटीच्या पल्याड. शेचाळीस साली म्या युनिफॉर्म घालून गावात आलो. ज्या पारावर आमच्या मानसाला टेकायची सोय नव्हती, तितं पाटलानं मला बोलवून बसवलं. 'धोंड्या' म्हनायचा, त्यो 'धोंडीराम, समुद्र कसा असतो रं?' म्हनाय लागला. गावातल्या कुनीच समुद्र बगितला नव्हता. म्या सांगितलं. लाटा सांगितल्या, तोफा सांगितल्या. जमिनीवरची गोष्ट सांगितली असती तर कोन बसवून घेतलं असतं मला? जमीन तर त्यांचीच हुती की."

दत्तोपंत भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत राहिले.

"खरं सांगू का," धोंडीराम म्हणाले, "धनुष्कोडीपासनं पल्याड सिलोनला फेरीबोट जायाची. दोन तास. येताना दोन तास. तेवढाच माजा समुद्र. त्यातबी वकलो."

"मी खोटं लिहू शकत नाही, शिंगे."

"मग खरंबी लिवू नका. आमचं आमी बगतो." त्यांनी कडी काढली आणि दार उघडून बाजूला उभे राहिले.

त्या दिवशी दत्तोपंत घरी न जाता सरळ बाबासोंच्या छापखान्यात गेले. ग्रंथाचे एकतीस फर्मे, म्हणजे आठ-आठ पानांचे छापील तक्ते, भिंतीला लावून रचलेले होते. दुसऱ्या दिवशी बांधणीला जायचे होते. हायफ्लायरचं प्रकरण पंधराव्या फर्म्यात होतं, पृष्ठ एकशे तेरा ते एकशे वीस.

"हा पुन्हा छापायचा झाला तर?" दत्तोपंतांनी विचारलं.

"टायपाचं खिळं सोडवून दुसऱ्या कामाला लावलं, मास्तर. आता लग्नसराईच्या पत्रिका सुरू हायत. मे उजाडंल." बाबासो चष्म्यावरून बघत म्हणाले. "काय चुकलंय?"

"मोठी चूक आहे. काय, ते सांगता येत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या की! कोल्हापुरात कुनाला कळायलंय? त्या समुद्राला तर न्हाईच कळत."

बाबासोंचं म्हणणं शहाणपणाचं होतं. ग्रंथ जसाच्या तसा बांधला तर दत्तोपंतांचा सत्कार, वर्तमानपत्रात फोटो, अकरा वर्षांचं चीज. चूक माहीत असलेला एकच माणूस, आणि तो तोंड उघडणार नव्हता. चूक सुधारून छापली तरी दत्तोपंतांचं फार बिघडणार नव्हतं. उलट केवढा प्रामाणिक माणूस म्हणून नावच झालं असतं. मार पडणार होता तो दोन्हीकडून धोंडीरामांनाच. एकीकडून भित्रा, दुसरीकडून खोटारडा. दत्तोपंत रचलेल्या फर्म्यांवर हात ठेवून उभे राहिले. लहान मूल झोपलंय का बघावं तसे ते त्या गठ्ठ्याला हात लावत होते. त्यांना रडू येत होतं, पण बाबासोंसमोर रडायची त्यांची तयारी नव्हती.

"पंधरावा फर्मा काढून टाका," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय बांधा."

"अवो, एकशेबारावरनं एकदम एकशेएकवीस? मधी वाक्य तुटतंय! लोक छापखान्याला हसतील."

"तुमच्याकडे बोट दाखवू देणार नाही. माझ्याकडे दाखवीन."

श्यामलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, कारण त्यांच्यापासून काही लपवणं त्यांना जमत नसे. त्या एवढंच म्हणाल्या, "आठ पानांनी ग्रंथ बारीक होत नाही. तुम्ही उगाच बारीक होऊ नका." आणि आपल्या हाताने ललिताला प्रकाशनाचं निमंत्रण लिहिलं, सहकुटुंब येण्याचं.

पेठेतल्या वाचनालयाचा हॉल त्या रविवारी सकाळी भरला होता. युद्धाचा ताजा वारा अजून ओसरला नव्हता. मागच्या रांगेत ललिता, तानूबाई आणि त्यांच्या मध्ये धोंडीराम. जणू कुणी धरून आणल्यासारखे. त्यांच्या पलीकडे गुंडू आणि वस्तीतली चार-पाच माणसं. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राचार्य. त्यांनी ग्रंथावरची रिबीन सोडली, पानं चाळली, थांबले, पुन्हा चाळली. मग माईकवरून म्हणाले, "निगुडकर, तुमचं एक जहाज बुडालेलं दिसतंय. आठ पानं आहेत कुठे?"

हॉल हसला. दत्तोपंत उठले.

"ती पानं मी काढली," ते म्हणाले. "त्यांतला मजकूर दैनिकात आला होता. हायफ्लायरवरच्या लोकांबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं. साफ चूक होतं. मी त्या लोकांची माफी मागतो."

"चूक काय होतं, तेही सांगा की!" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"ते मला सांगता येणार नाही."

"म्हणजे जहाज हललं होतं?"

"मी सांगणार नाही."

आता हसण्याचा रंग बदलला. प्राचार्य कोरड्या आवाजात म्हणाले, "इतिहासकाराने असं म्हणायचं म्हणजे कमालच झाली. संशोधन नव्हतं तर ग्रंथ कशाला काढायचा?" कुणीतरी टाळी वाजवली. मागून एक आवाज आला, "अकरा वर्षं रंकाळ्यावर फेऱ्या मारल्या मास्तरांनी!" पुन्हा हशा. दत्तोपंत माईकचा दांडा धरून उभे होते. त्यांची कानशिलं लाल झाली होती आणि नवीन धोतराचा सोगा हातात घट्ट धरला होता. खाली बसावं हेही त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात मागची खुर्ची करकरली.

"गप बसा जरा!" धोंडीराम शिंगे उभे राहिले होते. आवाज असा, की माईकची गरज नव्हती. "त्या मानसाला हसू नगा. त्यानं माज्यापायी तोंड शिवलंय. म्या सांगतो त्या पानांत काय चुकलं त्ये."

दत्तोपंत घाईने म्हणाले, "शिंगे, गरज नाही. बसा तुम्ही."

"तुमी बसा, मास्तर." ते मधल्या वाटेवर आले. ललिताकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. "आमचं जहाज दगडाचं हुतं. किनाऱ्यावरची इमारत. नाव तेवढं जहाजाचं. म्या कदीच लढाईच्या बोटीवर गेलो न्हाई. म्या लाटांच्या गोष्टी सांगितल्या त्या दुसऱ्यांच्या ऐकलेल्या. म्या स्टोअरात हुतो. पीठ, साखर, साबन, ब्लँकिट. जे जहाज लढायला जायाचं त्याला म्या भरून द्यायाचो. बास."

मग गुंडू, जो काही वाईट माणूस नव्हता पण जिभेला लगाम नव्हता, बसल्या जागेवरून म्हणाला, "म्हंजे मामा, तुमी समुद्रात भिजलाच न्हाई?"

"भिजलो की." धोंडीराम त्याच्याकडे वळले. "येकदा मालाची बोट बुडवली दुश्मनानं. त्यातली मानसं आमच्या ठान्यावर आनली. एकवीस मानसं, गोरी. सगळी इंधनाच्या तेलानं काळीमिट्ट. डोळ्यांत तेल, दिसत न्हाई. डॉक्टर येक, आनि मानसं एवढी. मला म्हनले, शिंगे, तू धू. म्या गरम पान्यानं धुतली. साबन लावला, डोळं पुसलं, ब्लँकिटात गुंडाळली. त्यांस्नी दिसत नव्हतं म्या कोन हाय. येकेकजन माजा हात धरायचा आनि सोडायचाच न्हाई. धुऊन झालं तरी सोडायचा न्हाई." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. "माज्या गावात माजा हात कोन धरत नव्हतं. तितं सोडत नव्हतं. ही गोष्ट म्या कुनालाच सांगितली न्हाई. समुद्राची न्हवती म्हून."

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. ललिता उठली. धोंडीरामांनी आता मात्र तिच्याकडे बघितलं, आणि दत्तोपंतांना दिसलं की हा माणूस एवढ्या हॉलमध्ये फक्त एकाच व्यक्तीला घाबरला होता.

"बाबा," ललिता म्हणाली, "एवढी वर्षं आम्हाला लाटाच सांगितल्यात." तिने त्यांचा तोच हात दोन्ही हातांत धरला आणि मधल्या वाटेवर तशीच उभी राहिली. गुंडूने मान खाली घातली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, चौदा तारखेला येळेवर या. सकाळी आठ वाजता." कुणी हसलं नाही.

दत्तोपंत व्यासपीठावरून खाली उतरले. आपल्या हातातली प्रत त्यांनी पृष्ठ एकशे बारावर उघडली, जिथे वाक्य अर्धवट तुटलं होतं, आणि मग ती मिटून ग्रंथाचं शेवटचं कोरं पान काढलं. खिसा चाचपला. पेन नव्हतं, नव्या सदऱ्याच्या गडबडीत घरीच राहिलं होतं. ललिताने एक हात सोडवून आपल्या पर्समधून वह्या तपासायचं लाल पेन काढून त्यांना दिलं.

दत्तोपंत समोरच्या खुर्चीवर बसले, ग्रंथ मांडीवर ठेवला.

"शिंगे," ते म्हणाले, "आता सगळं पहिल्यापासून सांगा. सावकाश सांगा. मला लिहून घ्यायचं आहे."